लोण्याच्या डोंगराशी झुंजलेला शेतकरी

फेब्रुवारी १९७१ मध्ये ब्रुसेल्समध्ये युरोपीय समुदायाच्या कृषिमंत्र्यांची बैठक सुरू होती. दुधाच्या भावावर घासाघीस चालली असतानाच बेल्जियमच्या शेतकऱ्यांनी तीन गाई इमारतीत घुसवल्या आणि थेट मंत्र्यांच्या दालनात आणून उभ्या केल्या. त्या प्रसंगावर युरोपभर हसू उमटले, पण ते फार काळ टिकले नाही. पाचच आठवड्यांनी, २३ मार्च रोजी, सहा देशांतील सुमारे ऐंशी हजार ते एक लाख शेतकरी ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर उतरले. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, अश्रुधूर सोडावा लागला. एका शेतकऱ्याला प्राण गमवावे लागले आणि शंभराहून अधिक लोक जखमी झाले. या साऱ्या संतापाचा रोख एका माणसावर होता. त्याचे नाव सिको मान्सहोल्ट.

या रोषाची गोम अशी, की मान्सहोल्ट स्वतः शेतकरी होते आणि युरोपातील शेतकऱ्याला हमीभावाची शाश्वती देणारी व्यवस्था त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली होती. आपणच बांधलेल्या घराचा पाया खचतो आहे हे त्यांना इतरांच्या आधी दिसले आणि ते दुरुस्त करण्याचा आग्रह त्यांनी धरला. सहा सार्वभौम राष्ट्रांच्या सामायिक तिजोरीत अर्थशास्त्राचा हिशेब आणि राजकारणाचा हिशेब यांची सांगड घालणे किती अवघड असते, याचे त्यांचे आयुष्य हे एक बोलके उदाहरण आहे.

मान्सहोल्ट यांचा जन्म १३ सप्टेंबर १९०८ रोजी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगन प्रांतातल्या उल्रुम या गावी झाला. घराणे सधन शेतकऱ्यांचे, पण विचारांनी समाजवादी. वडील शेती सांभाळून प्रांताच्या राजकारणात वावरत. शेती आणि सामाजिक न्याय हे दोन्ही विषय घरात एकाच वेळी बोलले जात. डेव्हेंटर येथे उष्ण कटिबंधातील शेतीचे शिक्षण घेऊन सिको १९३४ मध्ये डच वसाहत असलेल्या जावा बेटावर चहाच्या मळ्यात नोकरीला गेले. मात्र वसाहतवादी व्यवस्थेतील मालक-मजूर संबंध या समाजवादी तरुणाला पटण्यासारखे नव्हते. दोनच वर्षांत ते मायदेशी परतले.

परतल्यावर १९३७ मध्ये त्यांना वीरिंगरमेर येथे शेत मिळाले. समुद्राला बांध घालून १९३० मध्ये कोरडी केलेली ही जमीन होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी झालेले तुकडे तेथे नव्हते. शासनाने आखून दिलेली मोठी, सलग शेते, रुंद रस्ते आणि निवडून घेतलेले शेतकरी असा तो नियोजनाचा प्रयोगच होता. नियोजन नीट असेल तर शेती आधुनिक होऊ शकते आणि शेतकरी सुखाने जगू शकतो, ही मान्सहोल्ट यांची पुढील काळातील धारणा या मातीशी सुसंगतच होती. युरोपातील बहुतेक शेतकऱ्यांच्या वाट्याला मात्र अशी कोरी जमीन आलेली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर मान्सहोल्ट प्रतिकार चळवळीत उतरले. लपून राहणाऱ्यांना आसरा देणे, पश्चिमेकडील शहरांना गुप्तपणे धान्य पोहोचवणे ही कामे त्यांनी केली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण उपासमार झाली आणि सुमारे वीस हजार माणसे दगावली. युद्ध संपता संपता, एप्रिल १९४५ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बांध फोडून अख्खे वीरिंगरमेर पाण्याखाली घातले. भूक म्हणजे काय आणि शेत बुडणे म्हणजे काय, हे दोन्ही त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. नंतरच्या काळात युरोपने अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेसाठी एवढा खर्च का केला, याचे उत्तर या हिवाळ्यात दडलेले आहे.

जून १९४५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, मान्सहोल्ट कृषी, मत्स्यव्यवसाय आणि अन्नपुरवठा खात्याचे मंत्री झाले. त्यानंतर मंत्रिमंडळे बदलत गेली, पण हे खाते तब्बल बारा वर्षे त्यांच्याकडेच राहिले. छोट्या देशाच्या शेतमालाला शेजारच्या बाजारपेठा खुल्या झाल्याखेरीज भवितव्य नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. १९५० मध्येच त्यांनी युरोपच्या सामायिक शेतमाल बाजारपेठेची योजना मांडली. तेव्हा ती कोणी उचलून धरली नाही. परंतु मार्च १९५७ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी रोमचा करार केला आणि त्यात सामायिक कृषी धोरणाला स्थान मिळाले. १९५८ च्या प्रारंभी वॉल्टर हालश्टाइन यांच्या अध्यक्षतेखाली पहिला युरोपीय आयोग स्थापन झाला. मान्सहोल्ट त्याचे उपाध्यक्ष झाले आणि शेतीचा विभाग त्यांच्याकडे आला.

या करारामागचा राजकीय सौदा सरळ होता. जर्मनीच्या कारखान्यांना सहाही देशांची बाजारपेठ हवी होती, तर फ्रान्सला आपल्या धान्याला गिऱ्हाईक हवे होते. एकाला दिल्याशिवाय दुसऱ्याकडून मिळणार नव्हते. शिवाय सहा देशांतील काम करणाऱ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा तेव्हा शेतीवर होता आणि त्याला नाराज करून कोणतेही सरकार टिकणे कठीण होते. जुलै १९५८ मध्ये इटलीतील स्ट्रेसा येथे मंत्री आणि शेतकरी संघटना यांची परिषद झाली. भावाचे धोरण आणि शेतीच्या रचनेतील सुधारणा या दोन्ही गोष्टी जोडीने चालाव्यात, अशी भूमिका तेथे पुढे आली. मान्सहोल्ट यांची धारणाही तीच होती. नुसता भाव वाढवून दहा एकरांचा शेतकरी सुखी होणार नाही. त्याची जमीन, अवजारे, शिक्षण आणि पर्यायी रोजगार यांचाही विचार व्हायला हवा, असे त्यांचे मत होते.

प्रत्यक्षात मंत्र्यांनी यातला सोपा भाग उचलला. ३१ डिसेंबर १९६१ ही मुदत टळू नये म्हणून घड्याळ थांबवल्याचे मानून बैठक लांबवण्यात आली आणि १४ जानेवारी १९६२ च्या पहाटे तडजोड झाली. एकंदर १३७ तासांच्या चर्चेत तिघांना हृदयविकाराचा झटका आला, अशी नोंद आहे. बाजारपेठ एक, बाहेरच्या मालापेक्षा समुदायातील मालाला प्राधान्य आणि खर्चाची जबाबदारी सर्वांची, ही तीन तत्त्वे ठरली. व्यवस्था अशी होती : आयात मालावर बदलते शुल्क लावून तो स्वस्त पडू द्यायचा नाही, बाजारात भाव पडला तर सरकारी यंत्रणेने ठरलेल्या दराने माल विकत घ्यायचा, आणि जास्तीचा माल परदेशी विकण्यासाठी निर्यातदाराला अनुदान द्यायचे. या सर्वाचा खर्च सामायिक कृषी निधीतून व्हायचा होता.

मग प्रश्न आला भाव किती ठरवायचा याचा. जर्मनीत गव्हाचे भाव चढे होते, फ्रान्समध्ये उतरते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने भाव खालच्या बाजूला असणे योग्य होते, कारण वरच्या भावाला फ्रान्सच्या सुपीक मैदानांतून धान्याचे लोंढे येणार, हे उघड होते. पण जर्मन सरकारला आपल्या छोट्या शेतकऱ्यांचा भाव पाडणे परवडणारे नव्हते. फ्रान्सने निर्वाणीचा इशारा दिल्यावर डिसेंबर १९६४ मध्ये गव्हाला टनामागे ४२५ मार्क असा एकच भाव ठरला. तो १९६७ पासून लागू व्हायचा होता. जर्मन शेतकऱ्यांना काही काळ भरपाई देण्याचेही कबूल झाले. सौदा जमला, समुदाय तगला. मात्र हा आकडा बाजाराच्या गरजेपेक्षा राजकारणाच्या गरजेतून आला होता.

मेख आणखी खोल होती. भाव ठरवायचे कृषिमंत्र्यांनी आणि पैसे जायचे सर्वांच्या तिजोरीतून. एखाद्या मंत्र्याने आपल्या शेतकऱ्यांसाठी चार पैसे वाढवून मागितले, तर श्रेय त्याचे एकट्याचे आणि बोजा सहा जणांत विभागलेला. दुसराही मग आपल्या दुधासाठी तेच मागणार. प्रत्येक जण आपापल्या देशात शहाणपणानेच वागत होता, पण साऱ्यांचे शहाणपण एकत्र केल्यावर तिजोरीला भोक पडत होते. सामायिक अर्थसंकल्पाचे हे मूळ दुखणे आहे आणि त्यावर केवळ आकडेमोडीने उपाय सापडत नाही.

१९६५ मध्ये हालश्टाइन आणि मान्सहोल्ट यांनी एक धाडसी पाऊल टाकले. समुदायाने राष्ट्रांच्या वर्गणीवर विसंबून न राहता आयात शुल्क आणि सीमाशुल्काचे उत्पन्न स्वतःकडे घ्यावे आणि त्यावर युरोपीय संसदेची देखरेख वाढवावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. फ्रान्सला शेतीसाठी पैसा हवाच आहे, तेव्हा त्याच्याबरोबर संसदेचे अधिकारही तो गिळेल, असा त्यामागचा होरा होता. तो साफ चुकला. अध्यक्ष द गॉल यांनी जुलैपासून आपल्या मंत्र्यांना ब्रुसेल्सच्या बैठकांपासून दूर ठेवले. फ्रान्सची खुर्ची सात महिने रिकामी राहिली. जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्ग येथे समेट झाला तेव्हा महत्त्वाच्या राष्ट्रीय हिताच्या प्रश्नांवर प्रत्येक देशाला व्यवहारतः नकाराधिकार मिळाला. त्याच वर्षी निधीचीही वाटणी झाली. शेतीची रचना सुधारण्यासाठी वर्षाला २८५ दशलक्ष हिशेबी एककांची मर्यादा घालण्यात आली. भाव टिकवण्याच्या खर्चाला मात्र कोणतीच मर्यादा नव्हती. मान्सहोल्ट यांना जोडीने चालवायची होती ती दोन चाके अशी कायमची लहान-मोठी झाली.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. भावाची खात्री, नवी बियाणी, खते आणि यंत्रे यांमुळे उत्पादन वाढत गेले, खप मात्र त्या वेगाने वाढेना. शीतगृहांत लोणी आणि दुधाची भुकटी साठू लागली. वर्तमानपत्रांनी त्याला लोण्याचा डोंगर असे नाव दिले. हा डोंगर उपसण्याचे मार्गही महागडे होते. १९७३ मध्ये दोन लाख टन लोणी मातीमोल भावाने सोव्हिएत संघाला विकले गेले, तेव्हा युरोपातील ग्राहक संतापले. याच साठ्याचा एक हिस्सा भारतातही आला. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत ‘ऑपरेशन फ्लड’च्या पहिल्या टप्प्यात १ लाख २६ हजार टन दूधभुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल भारताला मिळाले. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईच्या दूधयोजनांना ते विकून आलेला पैसा डॉ. वर्गीस कुरियन यांनी सहकारी दुग्धव्यवसायाच्या उभारणीत घातला. फुकटच्या मालाने देशी दुधाचा भाव पडू नये, याची काळजी घेतली गेली म्हणून ही मदत कामी आली. युरोपच्या अर्थसंकल्पाचे दुखणे असे मुंबईकरांच्या दुधाच्या बाटलीपर्यंत पोहोचले होते.

डिसेंबर १९६८ मध्ये मान्सहोल्ट यांनी मंत्रिपरिषदेपुढे ‘शेती १९८०’ हे निवेदन ठेवले. ते पुढे मान्सहोल्ट योजना म्हणूनच ओळखले गेले. त्यातील आकडे धक्कादायक होते. येत्या दहा वर्षांत शेतीवरील सुमारे पन्नास लाख माणसांनी दुसरा उद्योग धरावा किंवा निवृत्त व्हावे. पन्नास लाख हेक्टर जमीन पिकाखालून काढून वनीकरण आणि अन्य उपयोगांसाठी द्यावी. दुभत्या जनावरांची संख्या कमी करावी. धान्याचे शेत ८० ते १२० हेक्टरांचे आणि गोठा ४० ते ६० गाईंचा असावा, असे मापही दिले होते. ५५ वर्षांवरील शेतकऱ्यांना निवृत्तिवेतन, तरुणांना प्रशिक्षण आणि मुलांना शिष्यवृत्त्या अशी मानवी बाजूही त्यात होती. भाव वाढवत राहिलो तर तिजोरी रिकामी होईल आणि तरीही छोटा शेतकरी गरीबच राहील, कारण भावाचा खरा फायदा ज्याच्याकडे विकायला जास्त माल आहे त्यालाच मिळतो, हा या योजनेचा गाभा होता. अर्थशास्त्र म्हणून त्यात खोट काढणे कठीण होते.

राजकारण म्हणून मात्र ती स्फोटक ठरली. ज्याच्या घरी चार पिढ्या दहा-बारा गाई पाळल्या गेल्या, त्याला ब्रुसेल्सच्या कचेरीतून चाळीस गाईंचे माप आले. त्याला निवृत्तिवेतनाची तरतूद दिसली नाही. आपले घराणे निकालात काढले जात आहे, एवढेच दिसले. जमीन सोडणे म्हणजे त्याच्या लेखी गाव, शेजार, चर्च आणि प्रतिष्ठा सोडणे होते. समुद्रातून काढलेल्या कोऱ्या जमिनीवर आखणी करणे वेगळे आणि बव्हेरियाच्या किंवा ब्रिटनीच्या जुन्या गावात ती करणे वेगळे. मान्सहोल्ट गावोगावी, देशोदेशी सभांना गेले, हुर्यो सहन केली, पोलीस बंदोबस्तात फिरले. शेतकऱ्यांचा तारणहार आता शेतकऱ्यांचा वैरी ठरला होता.

मंत्र्यांनी हात वर केले. मार्च १९७१ मध्ये रस्त्यावर रक्त सांडल्यानंतर दोनच दिवसांनी परिषदेने शेतीच्या नव्या दिशेचा ठराव संमत केला, पण त्याबरोबर भावही वाढवले. म्हणजे औषध अर्धे दिले आणि कुपथ्य चालू ठेवले. एप्रिल १९७२ मध्ये निघालेल्या तीन निर्देशांत शेतांचे आधुनिकीकरण, वयस्क शेतकऱ्यांची निवृत्ती आणि प्रशिक्षण यांना स्थान मिळाले. ती मूळ योजनेची सावलीच होती. दरम्यान एप्रिल १९७० मध्ये समुदायाला स्वतःच्या उत्पन्नाची साधने मिळाली होती : शेतमालावरील शुल्क, सीमाशुल्क आणि मूल्यवर्धित कराचा एक टक्क्यापर्यंत वाटा. १९६५ मध्ये जे भांडण पेटले ते द गॉल यांच्यानंतर मिटले. पण त्यामागे फ्रान्सचा हिशेब होता. धान्य बाहेरून आणणारा ब्रिटन समुदायात येण्यापूर्वी शेतीच्या खर्चाची व्यवस्था पक्की व्हावी, हा तो हिशेब होय. पुढील तंट्याचे बी तेथेच पेरले गेले.

मार्च १९७२ मध्ये अध्यक्ष फ्रान्को मारिया मालफात्ती यांनी इटलीच्या राजकारणासाठी पद सोडले आणि मान्सहोल्ट आयोगाचे अध्यक्ष झाले. ही कारकीर्द जेमतेम नऊ महिन्यांची होती. त्याच सुमारास वाढीच्या मर्यादांविषयी क्लब ऑफ रोमसाठी तयार झालेल्या अभ्यासाने ते हादरून गेले होते. आयुष्यभर अधिक उत्पादनाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने मालफात्ती यांना लिहिलेल्या पत्रात उत्पादनवाढीच्या ध्येयाचाच फेरविचार सुचवला. ते पत्र बाहेर फुटले आणि फ्रान्सच्या कम्युनिस्टांनी समुदायाच्या विस्तारावरील सार्वमताच्या प्रचारात त्याचे भांडवल केले. जानेवारी १९७३ मध्ये मान्सहोल्ट निवृत्त झाले.

मान्सहोल्ट गेले, पण त्यांचे गणित मागे राहिले. शेतकरी तर शेती सोडून गेलेच. लाखोंच्या संख्येने गेले, मात्र कोणत्याही योजनेच्या आधाराशिवाय. सत्तरच्या दशकात सामायिक अर्थसंकल्पाचा दोन-तृतीयांशाहून अधिक हिस्सा शेतीवर खर्च होत होता. ब्रिटन जास्त भरत होता आणि कमी परत मिळवत होता. मार्गारेट थॅचर यांनी त्यावर पाच वर्षे भांडण मांडले आणि जून १९८४ मध्ये फाँतेनब्लो येथे ब्रिटनला सवलत मिळवली. तोपर्यंत एक टक्क्याची मर्यादाही संपत आली होती. तिजोरीचा तळ दिसू लागल्यावर त्याच वर्षी दुधाच्या उत्पादनावर कोटा आला. १९८८ मध्ये शेतीखर्चाच्या वाढीला प्रथमच लगाम घालण्यात आला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीच्या ७४ टक्क्यांपलीकडे तो वाढता कामा नये, असे ठरले. त्याच सौद्यात गरीब प्रदेशांचा निधी दुप्पट करण्याचे मान्य झाले, म्हणून दक्षिणेकडील देशांनी होकार दिला. १९९२ मध्ये आयुक्त रे मॅकशॅरी यांनी धान्याचे भाव सुमारे एक-तृतीयांशाने उतरवले आणि त्याबदल्यात शेतकऱ्याला थेट भरपाई दिली. ज्याला मान्सहोल्ट सांगत होते ते चोवीस वर्षांनी साधले, पण ज्याचे नुकसान होते त्याच्या हातात आधी पैसे ठेवून.

मान्सहोल्ट यांनी हा बदल पाहिला. उत्तरायुष्यात ते ड्रेंट प्रांतातील वाप्सरफेन या खेड्यात राहत. आपण पुरस्कारलेल्या यंत्र-खतांच्या शेतीने माती आणि पाणी यांचे नुकसान केले, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि पर्यावरणाला जपणाऱ्या शेतीची बाजू घेतली. जून १९९५ च्या अखेरीस, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चातही हा तिढा पूर्णतः सुटलेला नाही. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी युरोपीय संघाने शेतीसाठी सुमारे ३८७ अब्ज युरोंची तरतूद केली. हा वाटा एकूण अर्थसंकल्पाच्या सुमारे एक-तृतीयांशावर आला आहे. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रुसेल्सचे रस्ते पुन्हा ट्रॅक्टरांनी अडवले गेले आणि आयोगाला कीटकनाशकांवरील प्रस्ताव मागे घ्यावा लागला. जुलै २०२५ मध्ये पुढील अर्थसंकल्पाचा आराखडा मांडताना शेतीचा निधी अन्य निधींबरोबर एकत्र करण्याचा विचार पुढे येताच शेतकरी संघटनांनी लगेच विरोध नोंदवला.

मान्सहोल्ट यांच्या आयुष्याचा निष्कर्ष काढायचा तर १९६८ चे मान्सहोल्ट चुकले होते, असे म्हणता येत नाही. लोण्याचा डोंगर त्यांच्या बाजूने साक्ष देत होता. त्यांच्यावर दगड उगारणारे शेतकरीही मूर्ख नव्हते. त्यांचे जगणे पणाला लागले होते. ज्या मंत्र्यांनी भाव वाढवण्याचे श्रेय घेतले आणि त्याचे बिल सामायिक तिजोरीवर लोटले, त्यांची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत. शेतकऱ्यांसमोर उभे राहून अप्रिय हिशेब सांगण्याचे काम त्यांच्यापैकी बहुतेकांनी टाळले. ते मान्सहोल्ट यांनी केले आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली.